खाणीतून आलेला सभापती

नाचणगाव,
२६ फेब्रुवारी २०१७

हेमराज,

जय भीम घे आणि आधी खाली बस. निवडून आलो.

फोन केला असता, पण तुझ्या कानांचं मला माहीत आहे. मी अन्नपूर्णावहिनीला सांगणार, त्या तुझ्या कानाशी ओरडणार, आणि तुझ्याआधी अख्ख्या कॉलनीला कळणार. तसं नको होतं. बावीस वर्षं जमिनीखाली ड्रिल मशीनच्या आवाजात आपण दोघं हाताच्या खुणांनी बोललो. आता खुणा पोचणार नाहीत इतकं अंतर आहे, म्हणून पत्र.

देवळीला मोजणी झाली. पहिल्या फेरीत मागे होतो. लोक माझ्याकडे बघायचं टाळत होते. मग कवठझरीची पेटी उघडली, तुझ्या मयुरीच्या सासरची, आणि चित्र पालटलं. नाचणगावात येईपर्यंत निळ्या गुलालाने माझा सदरा ओळखू येत नव्हता. म्हाताऱ्या बाया ओवाळायला उभ्या होत्या. ज्यांनी चहाच्या टपरीवर 'कोळशाचे टब भरणारा लोडर जिल्हा परिषदेत जाऊन काय भरणार' म्हणून दात काढले होते, तेही खांद्यावर घ्यायला पुढे आले.

कवठझरीने मला मतं का दिली ते सांगतो. गावाला लागून टेकडी आहे, टेकडीवर गिट्टीचं क्रशर. दगड फुटतो आणि त्याची धूळ घरांवर, विहिरीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. सभेत मी म्हणालो, "मशीन चालू द्या, पण पाणी मारून. धूळ काय करते हे मले कोणी शिकवू नका. अर्धं आयुष्य खाल्ली हाये." इतक्या टाळ्या मला युनियनमध्येही कधी मिळाल्या नव्हत्या.

हे काम मी करणार. तू बघच.

तुझा जोडीदार,
बाबाराव


कॉलरी क्वार्टर, वणी
१९ मार्च २०१७

बाबाराव,

तुयं पत्र अन्नपूर्णानं मोठ्यानं वाचलं, मी तिच्या तोंडाकडे पाहत बसलो, अन् मंग स्वतः वाचलं. छाती फुगली गड्या. कॉलनीत पेढे वाटले.

एक सांगतो, रागाऊ नको. तिकडून आलेला एक जण सांगे का बाबारावनं सभेत सांगतलं, मॅनेजरनं माहे पाय धरले. पाय कोनं धरले बाप्पा? मी तिथंच होतो. छत कडकड करून राह्यलं होतं, लाकडी बल्ल्यांचा टेका लावला नव्हता, अन् ओव्हरमन म्हणे आत जा. तू खाणीच्या तोंडाशी मांडी घालून बसला. आमी तुह्या मांगं उभे राह्यलो. शिव्या झाल्या, मंग मॅनेजर आला. तू त्याले एवढंच म्हणाला, "साहेब, तुमी चला माह्या पुढं." तो काही गेला नाई. बल्ल्या आल्या. एवढंच झालतं. अन् एवढंच लय मोठं हाये. त्याच्यात भर टाकू नको.

आता माही एक गोष्ट. तुले मी आजवर काही मांगतलं नाई. मयुरीचा नवरा राकेश, पोट्टा चांगला हाये, दारू नाई, सुपारी नाई. हे सोयरिक तूच जमवली. पण त्याच्या हाताले काम नाई. पावसाळा गेला का रिकामा. मयुरी बोलत नाई, पण तिच्या मायले समजते. तू आता सदस्य हायेस. कुठंबी चिकटव त्याले. गावाजवळ भेटलं त अजूनच चांगलं, पोरीले पोटुशी असताना एकटं राहा लागनार नाई.

हेमराज


नाचणगाव,
८ ऑगस्ट २०१७

हेमराज,

राकेशचं काम झालं. कवठझरीलाच, घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. क्रशरवर.

दचकू नको, पूर्ण वाच. क्रशर प्रभाकररावांचं आहे. तालुक्यात आमच्या पक्षाचं जे काही आहे ते त्यांच्याच हातात आहे, मला तिकीटही त्यांनीच दिलं. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण तू नको तो अर्थ काढला असतास. सभेतलं माझं भाषण त्यांच्या कानावर गेलंच होतं. मी घाबरतच बंगल्यावर गेलो. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "बाबाराव, बोललात ते बरोबर बोललात. दिवाळीनंतर आपणच पाण्याचे फवारे लावू." मी राकेशचा विषय काढला. त्यांनी समोरच फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी राकेश कामावर.

माणूस वाईट नाही. आणि आपला माणूस आत असला म्हणजे आत काय चाललंय ते आपल्याला कळत राहील.

परिषदेचं म्हणशील तर खाणीत निदान पुढे कुठे जायचं ते कळत होतं. पहिल्या सभेत मी धुळीवर बोलायला उठलो. अध्यक्ष म्हणाले, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही. पत्रिकेवर घ्या म्हणून ऑफिसात गेलो, तर म्हणाले, पक्षाच्या गटनेत्यामार्फत या. गटनेता म्हणाला, प्रभाकररावांना विचारलं का? मी हसलो. काय करणार?

तरी दिवाळी काही लांब नाही.

बाबाराव


कॉलरी क्वार्टर, वणी
११ फेब्रुवारी २०१८

बाबाराव,

नात झाली, तिले पाहाले आमी कवठझरीले गेलतो. तिचं नाव हर्षा ठेवलं. तुले निरोप देल्ला होता, तू आला नाई. गावातले म्हणत होते का तुही गाडी रस्त्यानं गेली, काच वर होती. असन, काम असन.

संध्याकाळी राकेश घरी आला. मी ओट्यावर बसलो होतो. मले वाटलं कोनी म्हातारा येऊन राह्यला. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. तोंडाले दस्ती बांधलेली, ते बी पांढरी. अंगणात त्यानं अंग धुतलं अन् मंग पोरीले हातात घेतलं. आपण काळे होऊन घरी येत होतो, बाया हसत होत्या. हा पांढरा होऊन येते अन् कोनी हसत नाई.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर जाऊन आलो. फवारे कुठं हायेत? दिवाळी गेली, संक्रांत गेली. पाण्याचा एक ड्रम पाह्यला, त्याच्यात मुकादमाच्या गाडीचे टायर धुवून राह्यले होते.

मी काम मांगतलं होतं, खरं हाये. पण मी क्रशर मांगतलं नव्हतं. तुले धूळ माहीत हाये न बाबाराव? मंग तू त्याले तिथं कसा काय ठेवला?

तरी माहा भरोसा हाये. तू करशील.

हेमराज


वर्धा,
१७ जानेवारी २०२०

प्रिय हेमराज,

तुझी पत्रं येत राहिली आणि माझ्याकडून उत्तरं राहून गेली, याचा राग धरू नकोस. या दोन वर्षांत घरी जेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

आज मात्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. मी सभापती झालो. शिक्षण आणि आरोग्य! अकरावीत शाळा सोडलेला माणूस शिक्षणाचा सभापती, आणि फुप्फुसात कोळसा घेऊन फिरणारा आरोग्याचा. माझं नाव प्रभाकररावांनी सुचवलं. विरोध करणाऱ्यांना त्यांनी एका शब्दात गप्प केलं, "आमचा बाबाराव खाणीतून वर आलाय."

फवारे लागले आहेत. मी स्वतः नारळ फोडला, पेपरात फोटो आला. कात्रण सोबत पाठवतो, वहिनींना दाखव. मागे जो हेल्मेट घालून उभा आहे तो राकेश.

आता हातात अधिकार आहे. सदस्य असताना नुसतं बोलता येत होतं. थोडा दम धर.

बाबाराव


कॉलरी क्वार्टर, वणी
२ मार्च २०२०

बाबाराव,

फोटो पाह्यला. कॉलनीत सगळ्यायले दाखवला, काऊन का तू आमचा हायेस.

पण ते फवारे फोटोपुरतेच होते. तुही गाडी गेली अन् त्यायनं पाणी बंद केलं. राकेश सांगे, मोटर काढून प्रभाकररावाच्या वावरात नेली.

राकेश खोकलते. चार पावलं चालला का बसते. दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. लघवी लाल होते, जेवण जात नाई, खोकला तसाच. मी त्याले वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डाक्टरीण बाईनं छातीचा फोटो काढला, मले कागदावर लिहून सांगतलं: टीबी नाही, दगडाच्या धुळीचा रोग आहे, बरा होत नाही, काम बंद करा.

मी इचारलं, मंग सगळे टीबी काऊन म्हणतात? बाईनं फोटो पाकिटात घालून माह्या हाती देल्ला.

मले समजते काऊन. टीबी म्हटलं का कोनाचाच दोष नाई. धूळ म्हटलं का मशीनकडे बोट जाते.

तू आरोग्याचा सभापती हायेस. मले दुसरं काही नाई पायजे. भर सभेत उभा राहून एवढंच म्हण, कवठझरीत टीबी नाई, धूळ हाये. सोळा जण खोकलून राह्यले त्या गावात. एकदा म्हण. बाकी मंग पाहू.

हेमराज


सभापती यांचे दालन,
वर्धा
२४ जून २०२०

श्री. हेमराज नगराळे यांस,

आपले पत्र मिळाले. मौजा कवठझरी येथील विषयाबाबत मा. सभापती महोदयांनी संबंधितांना आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत. सध्याच्या साथीच्या परिस्थितीत सर्व यंत्रणा त्या कामी गुंतल्याने थोडा विलंब अपेक्षित आहे. आपण केलेल्या सहकार्याबद्दल आभार.

(सही)
बाबाराव थूल

हेमराज, हे स्वप्निलने लिहिलंय, माझ्या ऑफिसातल्या पोराने. मी नुसती सही केली. राकेशला दुसरं काम बघायला सांग. बा.


कॉलरी क्वार्टर, वणी
६ डिसेंबर २०२०

बाबाराव,

आज सहा डिसेंबर. दरवर्षी आपण दोघं या दिवशी कॉलनीच्या विहारात मेणबत्त्या लावत होतो. या साली गर्दी नाई, मी एकटाच लावून आलो, अन् घरी येऊन लिहून राह्यलो.

राकेशले दुसरं काम पाहाले सांग, असं तू लिहिलं. तो आता हातपंपापर्यंत जाऊ शकत नाई. मयुरी त्याले उशा लावून बसवते, कारण आडवा झाला का जीव घाबरते. त्याच्या जागेवर त्याचा लहान भाऊ पियुष लागला. त्याच मशीनवर.

सभापतीले मी आता काही मांगत नाई. सभापतीची सही माह्याजवळ आली.

पण खाणीच्या तोंडाशी जो बसला होता, त्याले इचारतो. तवा तुह्या मांगं कोनी मोठा माणूस नव्हता. नोकरी गेली असती, पोरं उपाशी राह्यली असती. तरी तू बसला. आता तुह्याजवळ गाडी हाये, दालन हाये, सही हाये. आता तुले कायचं भेव लागते?

हेमराज


नाचणगाव,
२७ मार्च २०२१

हेमराज,

बोललो.

काल सर्वसाधारण सभा होती. शेवटचा विषय संपला, लोक उठायला लागले, तेव्हा मी माईक ओढला. म्हणालो, कवठझरीत टीबी नाही, धूळ आहे. अध्यक्ष म्हणाले, "सभापती, पत्रिकेवर नाही." मी म्हणालो, "पत्रिकेवर कधीच नसणार. म्हणून आज बोलतो." वर्ध्याच्या त्या डॉक्टरीण बाईंना भेटून माहिती घेऊन ठेवली होती. सोळा नावं वाचली. त्यातले तिघे वारले होते. राकेशचंही वाचलं. क्रशर कोणाचं तेही नावानिशी सांगितलं.

कोणी खोकलंसुद्धा नाही. मग मागच्या बाकावरून विरोधी पक्षाच्या एका बाईंनी बाक वाजवला, आणखी दोघा-तिघांनी वाजवला. ठराव झाला. पेपरवाल्यांनी गराडा घातला. आज दुपारी साहेब लोक टेकडीवर गेले आणि क्रशरला सील लागलं.

हेमराज, किती वर्षांनी मला माझे स्वतःचे पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटले.

संध्याकाळी राकेशला सांगायला गेलो. वाटलं होतं तो हसेल. तो उशीला टेकून ऐकत राहिला. दम घेत घेत म्हणाला, "काका, मंग पियुषचं काय?" मी म्हणालो, त्याला दुसरं काम पाहू. त्याने डोळे मिटले. मयुरी चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देऊन ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. दमली असेल.

प्रभाकररावांचा फोन आला होता. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "घाई केलीत."

बाबाराव


कॉलरी क्वार्टर, वणी
५ एप्रिल २०२१

बाबाराव,

अन्नपूर्णानं आज पुरणपोळ्या केल्या. काही सण नाई, काही नाई. मी तिले म्हटलं, कर.

मले माहीत होतं.

हेमराज


नाचणगाव,
३० सप्टेंबर २०२१

हेमराज,

राकेशच्या मयताला आपण दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होतो आणि मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तुला वाटलं असेल, बाबाराव तोंड चुकवतो. तसं नव्हतं. तुझ्याशी बोलायचं तर मला ओरडावं लागलं असतं, आणि जे बोलायचं होतं ते स्मशानात ओरडून बोलण्यासारखं नव्हतं.

मयुरीने तुला मोर्च्याचं सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

क्रशर बंद झालं तसा कवठझरीत हाताला काम उरलं नाही. वर कोरोना, बाहेर जायची सोय नाही. मी पियुषसाठी आणि इतरांसाठी फिरलो. पण मी आता प्रभाकररावांचा राहिलो नव्हतो, मला कोणी दारातही उभं केलं नाही. जूनमध्ये सगळं गाव माझ्या घरावर चालून आलं. "क्रशर चालू करा" म्हणून घोषणा. ज्यांची नावं मी सभेत वाचली होती, त्यांच्या बायकाही होत्या. सर्वांत पुढे मयुरी. कडेवर हर्षा.

मी ओट्यावर आलो. म्हणालो, "मयुरी, तू?"

ती म्हणाली, "काका, मशीन राकेशले खाऊन राह्यली, मले दिसत नाई का? पण पियुषच्या कमाईवर आमी सगळे जेवत होतो. तुमी धूळ बंद कराले गेले न आमचं जेवण बंद करून आले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच महिन्यात कोर्टातून स्थगिती आली, सील निघालं. प्रभाकररावांनी टेकडीवर मंडप घातला, गावजेवण दिलं. परिषदेत माझ्यावर अविश्वास आणला. बाक वाजवणाऱ्या त्या बाईंनीही हात वर केला. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, पक्षाचा आदेश होता.

राकेश गेला त्या दिवशीही क्रशर चालू होतं. पियुष अर्ध्या पाळीतून उठून आला आणि तसाच, धुळीने पांढरा झालेला, खांदा द्यायला उभा राहिला.

मी ते केलं नसतं तरी राकेश गेलाच असता. केलं तरी गेलाच. मग मी काय केलं, हेमराज?

बाबाराव


कॉलरी क्वार्टर, वणी
१४ एप्रिल २०२२

बाबाराव,

तुह्या पत्राचं उत्तर लय दिवस देल्लं नाई. काय लिहावं ते समजे ना.

मोर्च्याचं मयुरीनं मले सांगतलं नव्हतं. मी तिले इचारलं, तिनं मान खाली घातली नाई. म्हणे, "बाबा, पुन्हा वेळ आली त पुन्हा जाईन." मी तिच्या जागी असतो त मी बी गेलो असतो.

तू इचारलं, मी काय केलं. तू पयले उशीर केला अन् मंग घाई केली. मी म्हणतो म्हणून उशीर केला नाई, पण मी म्हणतो म्हणून घाई केली. काम मीच मांगतलं, बंद कराले मीच लावलं. दोन्ही येळा मी दूर बसून लिहित होतो. म्हून तुह्याइतकाच मी बी हाये याच्यात.

परिषदेची मुदत संपली असं ऐकलं. आराम कर.

मयुरी आता क्रशरवर जाते. पट्ट्यावरून गिट्टी येते त्याच्यातली माती वेचाचं काम. माही नोकरी सरली, क्वार्टर सोडा लागते. आमी दोघं तिच्याजवळ राहाले चाललो. हर्षाले सांभाळाले कोनी पायजे.

हेमराज


कवठझरी,
९ डिसेंबर २०२५

बाबाराव,

इतकी वर्षं झाली, एकाच भागात राहून आपण भेटलो नाई. तू कुठं निघत नाई म्हणतात. तीन वर्षांच्या वर झालं, परिषद बंद, सायबाच्या हातात कारभार, अन् तू निवडणूक लागन म्हणून वाट पाहून राह्यला, असं टपरीवर बोलतात.

आता ऐक. आरक्षणाची सोडत निघाली. आपला गट बाईले सुटला. तुले उभं राहता येत नाई, हे तुले माहीतच असन. प्रभाकररावले बी आपल्या समाजातली बाई पायजे होती. त्यानं मयुरीले बलावलं.

म्हणे, क्रशरवर राबणारी बाई हाये, इधवा हाये, लोक मतं देतीन. मयुरी हो म्हणून आली.

मी तिले म्हटलं, पोरी, बाबारावचं काय झालं ते पाह्यलं न तू? ते म्हणे, "बाबा, मी पट्ट्यावर बसली त पाच वर्षांत राकेशसारखी होईन. तिथं गेली त खुर्चीवर त बसन." अजून म्हणे, "अन् निवडून आली त पाण्याचं करून घेईन." खरंच करन असं तिले वाटते. तिच्या डोयात ते दिसते. मले ते पाहून झोप लागत नाई.

तिले भाषण येत नाई. ते तुह्याकडे येते म्हणते, शिकाले. मी तिले नको म्हणणार होतो. पण नको म्हणून तिले कुठं पाठवू? पट्ट्यावर?

येऊ दे तिले. अन् तिले जे खरं हाये ते सांग. माह्यापेक्षा तुह्या तोंडून ते ऐकन.

हेमराज


नाचणगाव,
१६ डिसेंबर २०२५

हेमराज,

मयुरी काल दुपारी आली. प्रभाकररावांनी गाडी दिली होती, आणि गाडीबरोबर बंडूजी नावाचा माणूस दिला होता. प्रचाराच्या काळात असा एक माणूस उमेदवाराबरोबर असतो, काय बोललं जातं ते वर पोचवायला. माझ्याही वेळी होता. तो पंख्याखाली खुर्ची ओढून बसला आणि मोबाइल बघत राहिला.

मी तिला शिकवलं. माईक तोंडाला चिकटवायचा नाही. आधी गावाचं नाव घ्यायचं, मग हात जोडायचे. पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यांकडे नाही, मागे उभ्या असलेल्या बायांकडे बघून बोलायचं. टाळी आली की थांबायचं. तिने दोनदा करून दाखवलं. हेमराज, ती माझ्यापेक्षा चांगलं बोलते. आवाज स्वच्छ आहे, कुठे अडखळत नाही. तू ऐकू शकला असतास तर तुला बरं वाटलं असतं.

मग तिने विचारलं, "काका, धुळीचं काय बोलू? लोक इचारतीन. राकेशचं इचारतीन."

बंडूजीने मोबाइलवरून मान वर केली.

तू लिहिलं होतंस, तिला खरं ते सांग. मी ते सांगायला तयार होतो. पोरी, आज बोललीस तर तिकीट जाईल. न बोलता निवडून आलीस तर पुढेही बोलता येणार नाही, आणि एक दिवस बोललीस तर ज्यांच्यासाठी बोललीस तेच दारात येतील. उभी राहू नकोस, हे म्हणायचं होतं. पण उभी राहिली नाही तर सोमवारी ती पट्ट्यावर जाऊन बसणार. ती माझ्याकडे बघत होती. बंडूजीही बघत होता.

मी म्हणालो, "सध्या ते राहू दे, मयुरी. पयले निवडून ये."

तिने मान हलवली, पदर खोचला, आणि म्हणाली, "हो काका. बरोबर हाये तुमचं."

बंडूजीने पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. आम्ही भाषण परत पहिल्यापासून घेतलं.

बाबाराव